कोऱ्या कागदाची पत

बँकेच्या कर्जविभागात वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाला अर्ज वाचण्याची खोड लागते. माझी ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. सगळ्यांत अवघड अर्ज थकबाकीदाराचा नसतो, कारण त्याचा इतिहास खात्यात मांडलेला असतो. अवघड असतो तो पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा. ना जुने खाते, ना परतफेडीची नोंद. तरीही अशी कर्जे आम्ही दिली. अधिकारी अर्जात मोठा आकडा शोधत नसतो; पडताळून पाहता येईल अशी एखादी गोष्ट शोधत असतो.

अभिनयात पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींची आज हीच गत आहे. काम मिळायला अनुभव हवा आणि अनुभव मिळायला काम. गेल्या वर्षी विदर्भातून मुंबईत आलेली, ओळखीच्या घरातली एक मुलगी मला तिचा बायोडेटा दाखवायला आली. घरून वर्षाची मुदत मिळालेली, त्यातले सात महिने सरलेले. कागदावर तीन मालिकांची नावे. खोदून विचारले तेव्हा कळले, एकीत ती लग्नाच्या गर्दीत उभी होती. उरलेल्या दोन कुणाच्या तरी सल्ल्यावरून लिहिलेल्या.

‘‘काका, खरं लिहिलं तर पान रिकामंच राहील हो,’’ ती म्हणाली.

कॉलेजात काय केलेस, असे विचारल्यावर मात्र दोन एकांकिका निघाल्या, एका नाटकाची प्रकाशयोजना निघाली आणि आजीकडून आलेली खणखणीत वऱ्हाडी निघाली. यातले काहीच कागदावर नव्हते. का, तर ‘‘त्याला कोण विचारतं?’’

मराठीत तरी त्यालाच विचारत आले आहेत. पुण्यात १९६३ साली सुरू झालेल्या पुरुषोत्तम करंडकाने कॉलेजातल्या पोरांना किती पिढ्या रंगमंचावर उभे केले! कान-नाक-घशाचे तज्ज्ञ असलेले डॉ. श्रीराम लागू १९६९ साली, बेचाळिसाव्या वर्षी, पूर्णवेळ नट झाले, तेव्हा त्यांच्यामागे पुण्याच्या ‘पीडीए’तल्या हौशी नाटकांची शिदोरी होती. अमोल पालेकर तर आमच्याच जातकुळीतले, बँकेत नोकरी करणारे. त्यांचा ‘रजनीगंधा’ १९७४ सालचा. पण सत्यदेव दुबे यांच्याबरोबरची प्रायोगिक नाटके त्यांच्या खात्यावर आधीच जमा होती.

तेव्हा नवख्याने कागद कसा मांडावा? एक पान पुरे. वर नाव, फोन, उंची आणि कोणत्या वयाच्या भूमिका शोभतील तो वयोगट. घरचा पत्ता देऊ नये. हा कागद कुणाकुणाच्या हाती जाईल याचा नेम नसतो. मग केलेली कामे, ताजे काम आधी: नाटक, भूमिका, दिग्दर्शक, संस्था, वर्ष. गर्दीतले काम गर्दीतलेच म्हणून लिहावे, नाहीतर वगळावे. शिबिर आठ दिवसांचे असेल तर आठच दिवस लिहावे.

शेवटी येतात अंगच्या कला, आणि नवख्याचे खरे भांडवल तिथेच असते. ‘मराठी, हिंदी, इंग्रजी’ लिहून थांबू नये. घरात मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलत असतील तर ते ठळक लिहावे. शहरात शिकवणी लावून ती लय येत नाही. ढोलकी, लाठी, पोहणे, मोटारसायकल हेही लिहावे, पण उद्या सकाळी सेटवर करून दाखवता येईल तेवढेच. पोहता येते असे लिहिणाऱ्याला विहिरीत उडी मारायला सांगतात, तेव्हा कागद मदतीला येत नाही. जोडीला दोन साधी छायाचित्रे, एक चेहऱ्याचे आणि एक पूर्ण उंचीचे. चेहरा घासूनपुसून गुळगुळीत केलेला नको. छायाचित्र पाहून बोलावणाऱ्याला दारात तोच माणूस दिसला पाहिजे.

आणखी एक गोष्ट, खास बँकवाल्याची. ‘नावनोंदणी’साठी पैसे मागणाऱ्यापासून चार हात दूर राहावे. काम देणारा माणूस मेहनताना देतो, नोंदणीची फी मागत नाही.

खोट्या ओळीने काय बिघडते, असे कुणी म्हणेल. अर्जातला एक आकडा खोटा निघाला की आम्ही उरलेले सगळे आकडे संशयाने पाहायचो. नाटक-सिनेमाचे जग दिसते त्याहून बरेच लहान आहे. ‘त्या मालिकेत कोणती भूमिका?’ एवढे विचारायला एक फोन पुरतो, आणि मग खऱ्या दोन एकांकिकाही खोट्याच्या पंगतीला जाऊन बसतात.

पान भरण्याची वाट एकच, काम करणे. चित्रपट शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या लघुपटांसाठी नट हवे असतात. हौशी संस्थांना माणसे नेहमीच कमी पडतात. आजही संध्याकाळी एखाद्या शाळेच्या वर्गात बाके भिंतीला सरकवून तालीम चालू असेल. तिथे जाऊन उभे राहावे, पडेल ते काम करावे. बायोडेटातली पुढची ओळ तिथे लिहिली जाते.