शॉन्टो बेगे : रंगांत उमटलेली प्रार्थना

अमेरिकेतल्या ॲरिझोनाचे, नवाहो या मूलनिवासी जमातीतले चित्रकार-कवी शॉन्टो बेगे यांचं काम मला फार आवडतं. जन्म १९५४चा. वडील पारंपरिक वैद्य, आई विणकर. लहानपणी मेंढ्या राखताना पाहिलेले लाल कडे, पठारं आणि मोकळं आभाळ त्यांच्या चित्रांत सतत भेटतं.

ॲक्रिलिक रंगांचे बारीक फटकारे ते शेजारी-शेजारी मांडत जातात. नवाहो प्रार्थनेत शब्द पुन्हा पुन्हा येतात, तसेच हे फटकारे! त्यामुळे खडकसुद्धा जिवंत वाटतो, वारा डोळ्यांना दिसतो.

‘नवाहो : व्हिजन्स अँड व्हॉइसेस अक्रॉस द मेसा’ या १९९५च्या पुस्तकात त्यांची चित्रं आणि कविता एकत्र आहेत. मिळालं तर सावकाश पाहा, आणि कविता मोठ्याने वाचा.