घुबडाला बोलके करणारा विक्रेता

येलदरीच्या धरणावर सहल येते. पूर्णेचे अडवलेले पाणी पाहून होते, डबे खाऊन होतात, आणि मुले परतल्यावर मागे वेष्टने उरतात. 'कचरा टाकू नये' अशी पाटी सहा-सात वर्षांच्या मुलाला अडवत नाही. त्याला काय अडवेल, याचा विचार अमेरिकेत ज्यांनी केला, त्यांत एक जण पेशाने विक्रेता होता.

हॅरॉल्ड बेल हे त्यांचे नाव. वणव्यांविरुद्धच्या प्रचारासाठी १९४४ साली अमेरिकेच्या वनखात्याने 'स्मोकी' हे अस्वल आणले होते. त्याच्या जाहिरातफिती आणि विपणनाचे काम बेल पाहत. १९७० साली पहिला वसुंधरा दिन साजरा झाला आणि प्रदूषण हा घरोघरचा विषय झाला. त्याच सुमारास बेल यांनी वनखात्यातील ग्लेन कोव्हार व चक विल्यम्स यांच्यासह 'वूड्सी' हे घुबड घडवले. १९७१च्या सप्टेंबरात ते लोकांपुढे आले.

त्याचे घोषवाक्य होते, 'गिव्ह अ हूट, डोन्ट पोल्यूट'. 'हूट' म्हणजे घुबडाचा घूत्कार. पण इंग्रजी बोलीत एखाद्या गोष्टीची जराही पर्वा नसणे यासाठीही हाच शब्द वापरतात. म्हणजे घुबड ओरडले की 'पर्वा करा' असे ऐकू येणार! यमकामुळे वाक्य मुलांच्या तोंडी बसले. हा श्लेष मराठीत आणता येत नाही, हे कबूल करायला हवे. विक्रेत्याची दृष्टी आणखी एका गोष्टीत दिसते. मुलाकडे मागणे एकच आणि त्याच्या आवाक्यातले: हातातला कागद खाली टाकू नकोस. १९७४ साली वूड्सीचे नाव व घोषवाक्य यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. बेल २००९ मध्ये, नव्वदाव्या वर्षी वारले.

माझा एक आक्षेप आहे. कागद उचलणारे मूल कारखान्याचे सांडपाणी थांबवू शकत नाही, आणि वेष्टन मुळात तयार कोण करतो हा प्रश्न घोषवाक्यात मावत नाही. १९९७ साली वनखात्याने वूड्सीला जमिनीची काळजी घेण्याविषयीचे नवे वाक्य दिले. वरच्या वर्गांत हा प्रश्न जरूर काढावा.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. तिकडे घुबड शहाणपणाचे प्रतीक, म्हणून त्याचे म्हणणे मुलांना पटले. आपल्याकडे ते घरावर बसले तरी अशुभ! घुबडाला दगड मारला तर ते तो पाण्यात टाकते आणि दगडाबरोबर मारणाराही झिजत जातो, अशी समजूत आहे. तिने काही घुबडे वाचवलीही असतील, पण भीतीपोटी. म्हणजे इथे घुबडाने पर्यावरणाची वकिली करण्याआधी कोणीतरी घुबडाची वकिली करायला हवी. पुणे जिल्ह्यातील पिंगोरी गावात इला फाउंडेशनने २०१८ साली भरवलेला उलूक महोत्सव हा तसाच प्रयत्न होता.

शाळेत हे काम गव्हाणी घुबडापासून सुरू करता येईल. ते भक्ष्य सहसा अख्खे गिळते आणि न पचलेली हाडे व केस गोळीच्या रूपाने तोंडावाटे बाहेर टाकते. पडक्या वाड्यात किंवा जुन्या गोदामात अशा गोळ्या सापडतात. हातमोजे व मुखपट्टी घालून, निर्जंतुक करून घेतलेली गोळी कोमट पाण्यात भिजवा, चिमट्याने सोडवा आणि उंदरांच्या कवट्या मुलांनाच मोजू द्या.