सामाईक विहिरीवरचं विज्ञान

राहुरीपासून नेवाशापर्यंत कुठल्याही उसाच्या फडाशी थांबा आणि विचारा, बेणं कुठलं? उत्तर आकड्यातच येईल. कोणी '२६५' म्हणेल, कोणी '८६०३२'. पहिल्याचं कागदोपत्री नाव कोएम ०२६५, म्हणजे आपला 'फुले २६५'. दुसऱ्याचं को ८६०३२. आकडे सगळ्यांच्या तोंडी असतात, आधीची अक्षरं मात्र कोणी उच्चारत नाही. 'को' म्हणजे कोइमतूर. 'एम' म्हणजे महाराष्ट्र, त्यातही फलटण तालुक्यातलं पाडेगाव. तिथलं ऊस संशोधन केंद्र १९३२ सालचं, आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. मुळा-प्रवरेच्या पाण्यावर वाढणाऱ्या उसाच्या नावात तमिळनाडूतलं एक गाव येऊन बसलं, त्याला कारण उसाचा तुरा.

आपल्याकडे उसाला तुरा आला की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी पडते. वाढ थांबते, ऊस आतून पोकळ पडतो, दशी पडते, वजन घटतं. नवं वाण काढणाऱ्याला मात्र तुऱ्याशिवाय गत्यंतर नाही. बेणं लावून जो ऊस उगवतो तो आधीच्याच उसाची हुबेहूब नक्कल; नवं काही हवं तर फुलं हवीत, पराग हवा, बी हवं. आपल्याकडच्या थंडीत तुरा आला तरी परागात जोर राहत नाही. कोइमतूरला दिवसाची लांबी, रात्रीची ऊब आणि हवेतली ओल असा मेळ बसतो की ऊस मनमोकळा फुलतो आणि बीही धरतो. म्हणूनच १९१२ साली तिथे ऊस पैदास केंद्र निघालं. आज त्याच संस्थेत राष्ट्रीय संकर उद्यान आहे. देशभरातल्या संशोधन केंद्रांनी निवडलेले नर-मादी वाण एकाच आवारात लावलेले असतात. तुरे येण्याच्या हंगामात ठिकठिकाणचे पैदासकार तिथे मुक्कामाला जातात. मादी तुऱ्याशेजारी नर तुरा बांधायचा, बाहेरचा पराग शिरू नये म्हणून दोघांभोवती कापडाचा कंदील करायचा आणि वाट पाहायची. हाती येतो तो कापसासारखा भुसा. त्यातलं बी डोळ्यांना धड दिसतही नाही. तो भुसा पिशव्यांत भरून प्रत्येक जण आपापल्या केंद्रावर नेतो. पुढची कैक वर्षं रोपं, निवड, पुन्हा लागण, पुन्हा निवड.

ही बाग कुठल्याही एका विद्यापीठाची नाही, कोणा एकाला ती उभी करणं झेपलंही नसतं. परदेशी विद्यापीठांत ज्याला 'कोअर फॅसिलिटी' म्हणतात ते हेच: महागडं साधन एकाच जागी, सांभाळणारी माणसं पगारी, वापरणारे अनेक, ज्याची त्याची पाळी ठरलेली. उसाच्या लोकांनी हा शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधी ते काम सुरू केलं.

आमच्या जिल्ह्याला यात नवल वाटायचं कारण नाही. (सरकारी कागदांवर तो आता अहिल्यानगर, बोलताना अजून नगरच.) हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना होता. शेतकऱ्याला स्वतःचा कारखाना काढायचा म्हणजे काय, हा प्रश्न विठ्ठलराव विखे पाटलांनी धसास लावला. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी राहिले आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा सहकारी कारखाना गाळप करू लागला. त्या गोष्टीवर इतकी भाषणं झाली आहेत की तिचा मूळ मुद्दा गुळगुळीत झालाय. मला त्यातलं यंत्र महत्त्वाचं वाटतं. पाच-दहा एकरवाल्याला स्वतःचं गुऱ्हाळ परवडेल, साखरेचे चरक आणि पॅन परवडणार नाहीत. मग यंत्र सामाईक करायचं, ऊस आपापला आणायचा, आणि तोड कोणाची कधी याचा कार्यक्रम लावायचा. ऊसतोडीच्या त्या कार्यक्रमावरून जेवढी भांडणं होतात तेवढी साखरेच्या भावावरूनही होत नसतील. पण कार्यक्रम असतो.

पुढे कारखान्यांनी तोच विचार संशोधनाला लावला. १९७५ साली पुण्याजवळ मांजरीला सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादकांनी 'डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट' काढली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. खर्च कारखान्यांच्या वर्गणीतून. माती-पाण्याची तपासणी, ऊतिसंवर्धनाची रोपं, कारखान्यातल्या रसायनतज्ज्ञांचं शिक्षण, सगळं एका छताखाली. तुऱ्याची अडचण त्यांनाही होतीच. त्यांनी सह्याद्रीच्या माथ्यावरची आंबोली शोधली. तिथल्या दमट हवेत ऊस फुलतो, म्हणून संस्थेचं पैदास केंद्र आज तिथे आहे.

एवढं सगळं उसासाठी जमलं. आमच्याच जिल्ह्यातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलं की चित्र निराळं दिसतं. माझंच सांगतो.

तालुक्याच्या गावी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करताना आम्ही एक रेणू बनवला होता. बनवला म्हणजे, बनला असावा असं वाटत होतं. खात्री करायची तर एनएमआर, म्हणजे रेणूची घडण दाखवणारा आलेख, काढायचा. त्याचं यंत्र म्हणजे अतिवाहक चुंबकाचा उंच पिंप; आतली तारेची गुंडाळी द्रव हेलियममध्ये उणे २६९ अंशांवर बुडवून ठेवलेली, बाहेरून द्रव नायट्रोजनचं वेष्टण. किंमत कोटींत, हेलियम परदेशातून यायचा, आणि तो वेळच्या वेळी भरला नाही तर चुंबक हातचा जातो. आमच्या कॉलेजला पावसाळ्यात फ्रीज चालू ठेवणं जड जायचं. तेव्हा पहाटेची पुण्याची एसटी. सुपा, शिरूर, रांजणगाव, वाघोली करत साडेतीन-चार तास, मांडीवर डबा, डब्यात कापसात गुंडाळलेल्या बाटल्या.

नमुना लागतो जेमतेम पाच-दहा मिलिग्रॅम. तो ड्युटेरियमच्या क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून पेन्सिलीपेक्षा बारीक, पाच मिलिमीटर जाडीच्या काचेच्या नळीत चार-साडेचार सेंटिमीटर उंचीपर्यंत भरायचा. जास्त भरला तर द्रावण फुकट, कमी भरला तर आलेख फुगतो. यंत्रावर बसलेल्या गृहस्थांनी नळी उजेडात धरली, टिश्यूनं पुसली, भोवऱ्यात बसवून आत सोडली. पाच-सात मिनिटांत पडद्यावर रेघा उमटल्या. ७.२६ वर क्लोरोफॉर्मचं टोक, ते असतंच. आमच्या रेणूची टोकं होती तिथे होती. आणि २.१७ वर एक उंच, टोकदार, आगंतुक रेघ.

"नळी ॲसिटोननं धुतलीत ना? वाळवली नाहीत."

ते मागे वळलेसुद्धा नाहीत. मी अडखळत हो म्हणालो. आमच्या सरांना हा रेणू वर्षभर ठाऊक होता, यंत्रावरच्या गृहस्थांना मात्र आमची चूक अडीच सेकंदांत कळली. त्या दिवशी मला कळलं की सामाईक प्रयोगशाळेत महाग काय असतं.

गावाकडची सामाईक विहीर आठवा. सातबाऱ्यावर प्रत्येकाचा हिस्सा, कोणाचं चार आणे पाणी, कोणाचं दोन आणे. पाळ्या ठरलेल्या, रात्रीची पाळी असली तर कंदील घेऊन जायचं. पाण्यावरून तंटा क्वचित. तंटा होतो मोटार जळली की, तेव्हा वाइंडिंगचे पैसे कोणी द्यायचे यावर. विहीर सगळ्यांची असते, मोटार दुरुस्त करणं कोणाचंच नसतं. विद्यापीठांतल्या यंत्रांचं दुखणं नेमकं हेच आहे. अनुदान मिळतं ते यंत्राला. फीत कापली जाते, फोटो निघतो. वार्षिक देखभालीचा करार, सुटे भाग, खंडित विजेसाठीची बॅटरी, आणि सगळ्यात आधी रोज सकाळी ते यंत्र सुरू करणारा कायमचा माणूस यांचं खातं वेगळं, आणि ते बहुधा रिकामं असतं. मग यंत्रावर प्लास्टिकचं कव्हर चढतं.

हा प्रश्न देशाला ठाऊक नाही असं नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग १९७१ साली झाला आणि थोड्याच वर्षांत त्यानं प्रादेशिक उपकरण केंद्रांची कल्पना राबवली. १९७६ साली मुंबईच्या आयआयटीत असं केंद्र आलं; मद्रास, लखनौ, चंडीगड, शिलाँग इथेही आली, आपल्याकडे नागपूर विद्यापीठातही होतं. या केंद्रांना आज 'सैफ' म्हणतात. बाहेरच्या कॉलेजचा विद्यार्थी नमुना पोस्टानं पाठवू शकतो, दर ठरलेले, शैक्षणिक संस्थांना कमी, कंपन्यांना जास्त. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्था १९८२ पासून खास सामाईक उपकरणांसाठीच अनुदान देते. अर्ज एकट्यानं करून चालत नाही, कोणकोण वापरणार ते सांगावं लागतं. आपल्याकडे २०२० च्या जानेवारीत 'आय-स्टेम' हे संकेतस्थळ सुरू झालं. कोणत्या संस्थेत कोणतं यंत्र आहे ते शोधायचं, तिथूनच पाळी लावायची. २०२२ साली केंद्र सरकारनं संशोधन साधनांच्या सामाईक वापराची आणि देखभालीची मार्गदर्शक तत्त्वंही काढली. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात मध्यवर्ती उपकरण विभाग आहे. पुणे आणि नाशिकबरोबर आमचा जिल्हाही याच विद्यापीठाखाली येतो, म्हणजे त्या विभागात आमचे दोन आणे आहेत असं मी समजतो.

यादीत नाव असणं आणि यंत्र चालू असणं यात मात्र फरक असतो. कुठल्याही संशोधक विद्यार्थ्याला विचारा, तो संकेतस्थळ पाहून थांबत नाही, तो आधी फोन करून विचारतो, "चालू आहे का?"

सगळीच यंत्रं हेलियमची नसतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाला जिल्ह्यातल्या जमिनींचं दुखणं फार जुनं माहीत आहे. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यांतून खेळायला लागलं, ऊस आला, निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत क्षार वर चढले आणि जमिनी पांढऱ्या पडल्या, चोपण झाल्या. फुले २६५ लोकांना आवडला त्याचं एक कारण तो अशा जमिनीतही तग धरतो. जमीन किती बिघडली हे मोजायला सामू आणि क्षारता दाखवणारी छोटी यंत्रं पुरतात. जस्त, लोह, तांबं, मंगल यांसाठी मात्र अणुशोषण यंत्र लागतं. हवा-ॲसिटिलीनच्या ज्योतीत मातीचा अर्क फवारायचा आणि त्या-त्या मूलद्रव्याच्या खास दिव्याचा उजेड ज्योतीत किती शोषला गेला ते मोजायचं. जस्ताला जस्ताचा दिवा, लोहाला लोहाचा. इथेही चुकतं ते यंत्राआधी. शेतकरी लोखंडी फावड्यानं माती काढतो, पत्र्याच्या घमेल्यात मिसळतो आणि लोह-जस्त तपासायला आणतो. जुना प्रयोगशाळा सहायक आलेला आकडा पाहूनच म्हणतो, "घमेलं कुठलं होतं?" लाकडी खुरपं, प्लास्टिकची बादली, इंग्रजी 'व्ही' आकाराचा खड्डा, मातीचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून देणं, हे त्याला शंभर वेळा सांगावं लागतं.

पाळीची पद्धत नीट पाहायची असेल तर नगर-कल्याण रस्त्यानं जा. भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, आणे घाट ओलांडून जुन्नर तालुक्यात उतरलं की नारायणगावाजवळच्या खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण दिसते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, जाळी तारेची, म्हणून वाऱ्याला तोंड देणाऱ्या आणि स्वस्त. जगभरातले खगोलशास्त्रज्ञ इथे अर्ज करतात. आकाशातला कुठला भाग, किती तास, कशासाठी, हे पटलं तर वेळ मिळतो. दुर्बिणीत कोणाचा हिस्सा विकत घ्यावा लागत नाही. पुण्यातलं आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र जयंत नारळीकरांनी १९८८ पासून याच तत्त्वावर उभं केलं: विद्यापीठाकडे दुर्बीण नसेना का, विद्यापीठातला माणूस आमच्याकडे येऊन राहील. खगोलशास्त्रात हे जमलं कारण तिथे दुसरा मार्गच नाही, घरोघरी दुर्बीण परवडतच नाही. रसायनशास्त्रात मधली किंमत असते. प्रत्येक विभागाला वाटतं, थोडा जोर लावला तर आपलंही एक यंत्र येईल. आणि येतंही. मग एकाच आवारात दोन अर्धी यंत्रं आणि शून्य चालक.

माझं मत विचाराल तर नगरसारख्या जिल्ह्यानं नवं यंत्र मागण्याआधी चालक मागावा. कारखान्यात पॅनवर बसणाऱ्या पॅनमनला जो मान असतो, साखरेचा दाणा कधी बांधायचा हे केवळ त्याच्या नजरेवर सोडलं जातं, तो मान विद्यापीठात यंत्रचालकाला नाही. त्याचं नाव शोधनिबंधाच्या शेवटी आभाराच्या ओळीत येतं, तेही आलं तर. त्याला बढतीची शिडी नाही, प्रशिक्षणाला परदेशी पाठवायचं तर प्राध्यापक जातो. तो निवृत्त झाला की त्याची जागा कंत्राटी होते, आणि नव्या मुलाला २.१७ ची रेघ ओळखायला वर्ष जातं.

त्या दिवशी ते गृहस्थ रेघ दाखवून थांबले नाहीत. कार्बनचा आलेख रात्रभर लावावा लागेल, पण ॲसिटोन आहे तोवर लावून उपयोग नाही, म्हणाले. पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची होती. जाताना त्यांनी मला खणातून एक स्वच्छ नळी काढून दिली, परत आणायच्या अटीवर, आणि कागदावर काहीतरी लिहून दिलं. रात्री वाघोली सोडल्यावर गाडीच्या दिव्यात मी तो कागद उलगडला. चार ओळी होत्या. शेवटची होती: धुतल्यावर उलटी ठेवा, टोपण लावू नका, पंख्याखाली नको.

ती नळी पंधरा दिवस माझ्या खोलीत, चहाच्या ग्लासात, टिश्यूवर उलटी उभी होती.