भीती वाटते म्हणून गाडी सोडायची का?

आमच्या विहारात दर रविवारी वंदनेनंतर आरोग्य गटातर्फे रक्तदाब आणि साखर तपासली जाते. गेल्या ऑक्टोबरमध्ये, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी ओसरल्यानंतरच्या रविवारी, पस्तिशीतला एक भाऊ रक्तदाब तपासायला बसला. तो नागपूरहून बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. येऊन-जाऊन साठेक किलोमीटर. जुलैमध्ये पावसात, गिट्टी सांडलेल्या वळणावर त्याची मोटारसायकल घसरली होती. हासळीचे हाड मोडले आणि दीड महिना हात गळ्यात राहिला. आता हाड जुळले होते, डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगीही दिली होती. पण गाडी दारात ताडपत्रीखाली तशीच उभी होती. विचारणाऱ्या प्रत्येकाला तो "गाडी बिघडली" असे सांगत होता. रात्री यायला साधन नाही म्हणून त्याने रात्रपाळी सोडली, तिचा भत्ता बुडाला, आणि शेअर ऑटोचा खर्च वाढला तो वेगळाच.

आमच्या गटातल्या नर्सताईंनी सहज विचारले, "भाऊ, मग गाडी दुरुस्तीला का टाकत नाही?"

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गाडी नाही बिघडली ताई, मीच बिघडलो. ते वळण आठवलं तरी हातपाय गळतात."

त्याच्या संमतीने, नाव न घेता, आम्ही हा विषय पुढच्या बैठकीत काढला. तेव्हा लक्षात आले की तो एकटा नाही. गावोगाव फिरणारी एक आशाताई गाडीसमोर कुत्रे आल्यापासून संध्याकाळी गाडी काढत नव्हती. कॉलेजातली एक मुलगी स्कूटर शिकता शिकता एकदा पडली, घरचे हसले आणि तिने चावी परत देऊन टाकली. आपल्या वस्त्यांमध्ये दुचाकी ही हौस नाही. तिच्यावर नोकरी चालते, मुले शाळेत पोहोचतात, आजारी माणूस दवाखान्यात पोहोचतो. ती दारात उभी राहिली की घराचे बरेच काही उभे राहते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही या भीतीबद्दल लिहीत आहोत.

शरीरात काय घडते?

धोका जाणवला की मेंदू शरीराला सावध करतो. अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात येते, छाती धडधडते, श्वास उथळ होतो, तळहात घामेजतात, स्नायू ताठ होतात. पळायचे किंवा लढायचे असेल तर ही तयारी उपयोगाची. दुचाकीवर मात्र तीच अडचण करते. मुठी हँडलवर आवळल्या जातात, कोपरे ताठ होतात आणि हँडल मोकळेपणाने वळत नाही. नजर आखडते. ज्या खड्ड्याची भीती वाटते त्याच्यावरच ती खिळून राहते आणि जिकडे नजर तिकडे गाडी जाते. मग घाबरून ब्रेक एकदम दाबला जातो, चाक जाम होते आणि गाडी घसरते. म्हणजे भीती नीट हाताळली नाही, तर ज्याची भीती तेच घडू शकते.

यात मनाचा दुबळेपणा नाही. एकदा इजा झाली की मेंदू ती जागा, तो आवाज, तो पाऊस लक्षात ठेवतो आणि तसे काही दिसले की आधीच घंटा वाजवतो. शिवाय ही भीती निराधारही नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली सुमारे ७५ हजार दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्यांचे मृत्यू ५० हजारांवर होते. ज्याला रस्त्याची थोडीही भीती वाटत नाही, त्याचीच आम्हाला जास्त काळजी वाटते.

तथागतांनी भीतीचे काय केले?

मज्झिम निकायात भयभेरव नावाचे सुत्त आहे. त्यात तथागत जाणुस्सोणी ब्राह्मणाला स्वतःचा अनुभव सांगतात. बोधी प्राप्त होण्यापूर्वी ते घनदाट अरण्यात एकटे राहत होते. रात्री एखादे जनावर जवळ येई, मोर काटकी पाडी, वाऱ्याने पाचोळा सळसळे आणि मनात भय उभे राही. आपल्याला भीती वाटत होती हे तथागत लपवत नाहीत, ही गोष्ट आपण आधी लक्षात घ्यावी.

त्यांनी दोन कामे केली. पहिले, भीतीची कारणे तपासली. ज्यांचे आचरण शुद्ध नाही, ज्यांचे चित्त भरकटलेले आहे, ज्यांना स्मृती नाही, त्यांना अरण्यात भय वाटते. हे दोष आपल्यात आहेत का, हे त्यांनी एकेक करून पाहिले. दुसरे, त्यानंतरही जे भय येई त्यापासून ते पळाले नाहीत. चालताना भय आले तर चालतच ते शमवले, उभे असताना आले तर उभ्यानेच.

गाडीवरच्या भीतीलाही हाच क्रम लागू पडतो. आधी कारण असलेली भीती दूर करायची. मग जी उरेल तिच्यासोबत थोडे थोडे थांबायला शिकायचे. क्रम उलटा करू नये. गोटा झालेला टायर तसाच ठेवून मनाला धीर देणे हा धीर नव्हे, प्रमाद आहे.

पहिले काम : कारण शोधा

आम्ही त्या भाऊंना एक कागद दिला आणि भीती वाटण्याची कारणे लिहायला सांगितली. पहिल्याच ओळीत त्यांनी लिहिले, "मागचा टायर घासलेला." अपघाताच्या दिवशीही तो तसाच होता. प्रत्येकाने असा कागद भरावा. त्यात पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. गाडी : टायरची नक्षी आणि हवा, दोन्ही ब्रेक, चेनचा ताण, हेडलाइट, मागचा दिवा, दोन्ही आरसे.

२. हेल्मेट : आयएसआय चिन्हाचे, डोक्याला घट्ट बसणारे, पट्टा लावलेले. चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही ते कायद्याने बंधनकारक आहे. अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. आरशाला अडकवलेले हेल्मेट कोणालाच वाचवत नाही.

३. शरीर : चक्कर येते का, रात्री समोरच्या दिव्याने डोळे दिपतात का, साखर किंवा रक्तदाब कमी होतो का, अंगात रक्त कमी आहे का? पुष्कळदा भीती म्हणून जे वाटते ते अशक्तपणाचे किंवा डोळ्यांचे दुखणे असते. सर्दी, खाज आणि झोपेच्या काही औषधांनी गुंगी येते. गोळी घेऊन गाडी चालवावी का, हे डॉक्टरांना विचारा.

४. झोप आणि व्यसन : सलग दोन पाळ्या करून गाडी चालवू नका. "थोडी घेतली की भीती जाते" असे म्हणणारे आम्हाला भेटले आहेत. भीती जात नाही, फक्त तिची सूचना ऐकू येईनाशी होते. पंचशीलातले पाचवे शील आपण दर वंदनेला म्हणतो. ते रस्त्यावरही पाळायचे आहे.

५. कौशल्य : अनेक जण पुढच्या ब्रेकला घाबरतात आणि केवळ मागचाच ब्रेक वापरतात. ब्रेक लावल्यावर वजन पुढे सरकते, त्यामुळे गाडी थांबवण्याचे जास्त काम पुढचे चाक करते. सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू दाब वाढवत लावावा. वळणावर किंवा गिट्टीवर ब्रेक दाबण्यापेक्षा तेथे पोहोचण्याआधीच वेग कमी करावा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबायला चौपट अंतर लागते, हे विसरू नये.

गाडीला लिंबू-मिरची बांधून यातले काही साधत नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण निळे स्टिकर लावले म्हणूनही ब्रेक लागत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला कारण शोधायला शिकवले, ते गाडीच्या बाबतीतही करू.

दुसरे काम : पायरीपायरीने परत जा

कारणे दूर केल्यावरही भीती उरते. टाळल्याने ती वाढते, कारण "गेलो नाही म्हणून वाचलो" असेच मेंदू शिकतो. एकदम हमरस्त्यावर ढकलणेही चूक. आम्ही त्या भाऊंसोबत ठरवलेल्या पायऱ्या अशा होत्या.

पहिल्या आठवड्यात रोज सकाळी हेल्मेट घालून उभ्या गाडीवर दहा मिनिटे बसायचे. आधी इंजिन बंद, नंतर चालू. दुसऱ्या आठवड्यात रिकाम्या मैदानात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फेऱ्या आणि ब्रेकचा सराव. तिसऱ्या आठवड्यात वस्तीतले रस्ते. चौथ्या आठवड्यात सकाळच्या शांत वेळी मोठा रस्ता. मागून दुसऱ्या गाडीवर एक मित्र. त्यानंतर एका रविवारी सकाळी ते वळण. एकदाच नाही, चार-पाच वेळा. शेवटी दिवसपाळीला कामावर.

प्रत्येक वेळी भीतीला शून्य ते दहा असे गुण द्यायचे, सुरुवातीला आणि शेवटी. वहीत लिहायचे. सुरुवातीचे गुण निम्म्यावर आले की पुढची पायरी. त्या भाऊंना मैदानाच्या पायरीला एक नव्हे, तीन आठवडे लागले. लागू द्यावेत.

गाडी सुरू करण्यापूर्वी दोन मिनिटे शांत बसावे. श्वास नैसर्गिक येऊ द्यावा आणि सोडताना थोडा लांबवावा. आनापानसतीची सवय असलेल्यांना हे सोपे जाते. मात्र गाडी चालवताना श्वास मोजत बसू नये. तेव्हा स्मृती रस्त्यावर हवी : आरसा, समोरची गाडी, रस्त्याची कड.

चालवताना भीती दाटली तर

खांदे सैल सोडा. कोपरे किंचित वाकवा. नजर खड्ड्यावर नको, त्याच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर ठेवा. वेग हळूहळू कमी करा. पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवा, पावसात त्याच्या दुप्पट. ट्रक शेजारून जाताना हवेचा झोत बसतो. तेव्हा हँडल आवळू नका, गुडघ्यांनी टाकी हलकी धरा आणि सरळ पुढे पाहा.

तरीही हात थरथरत असतील तर इंडिकेटर देऊन सुरक्षित जागी रस्त्याच्या बाहेर थांबा. अरण्यात तथागत एकटे होते. रस्त्यावर आपल्यामागे इतरांचेही जीव आहेत. म्हणून थांबणे ही हार नाही. पण लगेच मागे फिरू नका. पाणी प्या, थांबा, धडधड कमी होऊ द्या आणि जमत असेल तर निदान पुढच्या चौकापर्यंत जाऊन मग परता.

घरच्यांनी काय करावे?

"पुरुषासारखा पुरुष आणि घाबरतो?" किंवा "बायकांना कुठे गाडी जमते?" ही दोन वाक्ये घरातून हद्दपार करा. पहिल्याने पुरुष भीती लपवतो, दुसऱ्याने मुलगी चावी टाकून देते. मागे बसणाऱ्यालाही भीती वाटते, ते मोकळेपणाने सांगता आले पाहिजे. चालवणाऱ्याने त्यावर चिडून वेग वाढवू नये. १४ एप्रिलच्या रॅलीत मुलांना तिघे तिघे बसून, हेल्मेटशिवाय जायला कोणी भाग पाडत असेल, तर "मला भीती वाटते" म्हणणाऱ्या मुलाच्या बाजूने मंडळातल्या मोठ्यांनी उभे राहावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

अपघाताला महिना उलटूनही तीच स्वप्ने पडत असतील, तो प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा घडत असेल, छोट्या आवाजाने दचकायला होत असेल, झोप उडाली असेल किंवा दारूचा आधार लागत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. टेली-मानस या सरकारी सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. अपघातानंतर डोके दुखत असेल, उलट्या होत असतील किंवा विसरायला होत असेल, तर ती भीती समजून थांबू नका; लगेच दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

ते भाऊ जानेवारीत पुन्हा गाडीने कामावर जाऊ लागले. रात्रपाळी त्यांनी अजून घेतलेली नाही. ती पुढची पायरी आहे. परवा रविवारी रक्तदाब तपासताना नर्सताईंनी विचारले, "आता त्या वळणावर कसं वाटतं?" ते म्हणाले, "भीती येते. मी वेग कमी करतो, गिट्टी आहे का पाहतो, अन् निघून जातो."

आम्हाला यापेक्षा अधिक काही नको आहे. आपल्या वस्तीतही एखादी गाडी विनाकारण ताडपत्रीखाली उभी असेल. तिच्या मालकाला एकदा आपुलकीने विचारा.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!