इंजेक्शन आणि शून्य

ओळखीतल्या एका जोडप्याची फाइल गेल्या वर्षी माझ्यासमोर आली. मी डॉक्टर नाही. वैद्यकाच्या इतिहासाची पुस्तकं जमवून वाचण्याचा नाद आहे, म्हणून लोक अधूनमधून असे कागद दाखवतात. फाइल चांगली जाडजूड होती आणि तिच्यातले बहुतेक कागद बायकोचे होते: सोनोग्राफ्या, गर्भनलिकांचा एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या. नवऱ्याचे कागद तीनच. पहिल्या वीर्यतपासणीत दर मिलिलिटरला ९० लाख शुक्रजंतू. म्हणजे कमी, पण आहेत. दुसऱ्या कागदावर टेस्टोस्टेरॉन कमी, म्हणून दर तीन आठवड्यांनी त्याच संप्रेरकाचं इंजेक्शन. तिसरा कागद आठ महिन्यांनंतरचा: शुक्रजंतू शून्य. दरम्यान नवऱ्याला तरतरी आली होती, वजनही उतरलं होतं. ‘औषध तर लागू पडलंय, मग हे कसं?’ असं तिनं मला विचारलं.

औषध लागू पडलं होतं, म्हणूनच तसं झालं होतं.

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी दोन संप्रेरकं रक्तात सोडते. त्यांची नावं एलएच आणि एफएसएच. एलएच वृषणातल्या लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन करायला लावतं. एफएसएच सर्टोली पेशींना हाताशी धरतं, आणि त्या पेशींच्या आधारानं शुक्रजंतू वाढतात. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की मेंदूला तसा निरोप जातो आणि तो हात आखडता घेतो. आता हे टेस्टोस्टेरॉन सुईतून आलंय की वृषणातून, हे मेंदूला कळत नाही. रक्तात भरपूर दिसलं की तो एलएच आणि एफएसएच दोन्ही जवळजवळ थांबवतो. शुक्रजंतू घडण्यासाठी वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं, आणि ते तिथल्या तिथेच तयार व्हावं लागतं. दंडात किंवा कमरेत घेतलेलं इंजेक्शन तेवढं आतपर्यंत पोचवू शकत नाही. रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, दाढी-स्नायू-उत्साह सुधारतो आणि वृषण मात्र रिकामं बसतं. जेल असो, गोळी असो की जिममध्ये कुणी दिलेलं स्टेरॉइड, गोष्ट तीच.

हे ज्ञान नवं नाही. १८४९ मध्ये ग्योटिंगेनच्या बर्टहोल्डनं कोंबड्यांचे वृषण काढले, तेव्हा त्यांचे तुरे सुकले. वृषण पोटात परत बसवल्यावर तुरे पुन्हा टवटवीत झाले. १८८९ मध्ये ब्राउन-सेकार या बहात्तरीच्या शास्त्रज्ञानं कुत्र्याच्या आणि गिनिपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परत आल्याचं जाहीर केलं. त्या पाणचट अर्कात टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नव्हतंच, कारण ते पाण्यात फारसं विरघळत नाही. तरीही युरोप-अमेरिकेत त्या अर्काची लाट आली. पुढे १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल बुटेनांट व रुझिका यांना मिळालं.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत बोलका वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेनं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासलं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम देण्यात आलं. त्यांपैकी १५७ जणांचे शुक्रजंतू सहा महिन्यांत शून्यावर आले. म्हणजे ज्याची जाहिरात मर्दानगी म्हणून होते, ते औषध शास्त्रज्ञांच्या हातात संततिनियमनाचं साधन होतं! १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडणारे आणि पुढे ‘समाजस्वास्थ्य’ चालवणारे र. धों. कर्वे यावर खुसखुशीत लिहिते, असं मला राहून राहून वाटतं.

गोंधळाचा थोडा दोष आपल्या भाषेकडेही जातो. बाईसाठी ‘वांझ’ हा शब्द तयार असतो. पुरुषाला मूल होत नसेल तर ‘नपुंसक’, ‘षंढ’ असे शब्द येतात, पण ते संभोगाच्या असमर्थतेचे शब्द आहेत. संभोगात काहीच अडचण नसलेल्या पुरुषाचे शुक्रजंतू शून्य असू शकतात. त्यासाठी बोलीत साधा, अपमान नसलेला शब्दच नाही. ताकद आणि बीज एकच, ही समजूत घट्ट आहे. मग ताकद वाढली की बीजही वाढणार, असं नवऱ्याला वाटतं, सासूला वाटतं आणि एखाद्या घाईतल्या डॉक्टरलाही वाटतं. तोवर तपासण्या बायकोच्याच चालू राहतात.

खरं तर सुरुवात निदानापासून व्हायला हवी. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं आणि दुपारनंतर उतरतं, म्हणून सकाळचे दोन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने लागतात. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली कमी मानते. त्याबरोबर एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन पाहिलं की दोष कुठे आहे ते कळू लागतं. एलएच-एफएसएच चढलेले असतील तर वृषणच दमलेलं आहे: गालगुंडानंतरची सूज, क्लाइनफेल्टरसारखी गुणसूत्रांची गडबड. ते कमी किंवा जेमतेम असतील तर हुकूमच नीट सुटत नाही: पिट्युटरीची गाठ, लठ्ठपणा, काही औषधं. चरबीच्या पेशी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात, त्यामुळे वजन उतरवणं हाही उपचारच आहे.

या दुसऱ्या गटाला आशा बरीच आहे. एचसीजीचं इंजेक्शन एलएचचं काम करतं, गरज पडल्यास एफएसएच जोडतात. मूळ बायकांसाठी आलेलं क्लोमिफीन पुरुषांनाही दिलं जातं. ते मेंदूला इस्ट्रोजेनचा निरोप ऐकू देत नाही, म्हणून एलएच वाढतं. वृषणच दमलेलं असेल तर ही औषधं फारशी उपयोगी नाहीत. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करून एखाद-दुसरा शुक्रजंतू शोधतात आणि तो थेट स्त्रीबीजात सोडतात. ही सोय १९९२ पासून आहे आणि महाग आहे. मूल हवं असलेल्या पुरुषाला नुसतं टेस्टोस्टेरॉन देऊ नये, असं मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात. ते दुसऱ्या कारणानं द्यावंच लागत असेल तर आधी वीर्य गोठवून ठेवता येतं.

आधीच घेतलं असेल, तर? गर्भनिरोधक चाचण्यांतल्या पुरुषांचा २००६ मध्ये एकत्रित अभ्यास झाला. इंजेक्शन थांबवल्यावर सहा महिन्यांत सुमारे ६७ टक्क्यांचे, वर्षभरात ९० टक्क्यांचे शुक्रजंतू परतले. पण ते पुरुष मुळात निरोगी होते, हे विसरू नये. एक शुक्रजंतू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यामुळे आज बदललेल्या औषधाचा परिणाम तीन महिन्यांआधी दिसतच नाही. आणि इंजेक्शन आपल्या मनानं एकदम बंद करू नये. थकवा, उदासी येते आणि माणूस पुन्हा सुईकडे वळतो.

त्या जोडप्यानं डॉक्टर बदलला. नव्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत बायकोची फाइल बाजूला ठेवायला सांगितली आणि नवऱ्याचं एलएच तपासायला पाठवलं. आठ महिन्यांत ते पहिल्यांदाच तपासलं जात होतं. पाचव्या महिन्याच्या कागदावर दर मिलिलिटरला १० लाख आले. नवव्या महिन्याच्या कागदावर ६० लाख. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.