विकत घेतलेलं मूल आणि लांडगा

रायपूरला खेटून, उरला औद्योगिक भागातल्या कारखान्यांशेजारी वाढलेल्या बीरगावात एखाद्या म्हाताऱ्याला नाव विचारावं, तर ‘बिसाहू’ असं उत्तर येऊ शकतं. छत्तीसगढीत ‘बिसाना’ म्हणजे विकत घेणं. बिसाहू म्हणजे विकत घेतलेला. मुलगी असेल तर बिसाहिन.

घरातली आधीची मुलं दगावली असली की नव्या बाळाचा सौदा व्हायचा. बाळंतपण करणारी सुईन (आपली सुईणच ती) किंवा एखादी शेजारीण मूठभर धान्य नाहीतर चार पैसे मोजायची. मूल आईच्याच दुधावर वाढायचं, पण हिशेबात परक्याचं. या घरावर टपलेल्या मृत्यूला मालकाचं नाव भलतंच कळावं, एवढीच खटपट. त्या व्यवहाराची पावती म्हणजे हे नाव. त्यात कमीपणा कुणाला वाटला नाही: बिसाहूदास महंत (१९२४–१९७८) याच नावानं तेव्हाच्या मध्य प्रदेशच्या राजकारणात वावरले.

मराठी मुलखानं वेगळी शक्कल काढली. दगडू, धोंडू, केरू. दगड आणि केर कोण उचलून नेणार? ‘नकुशी’ला मात्र या रांगेत बसवू नये. तिथं मृत्यूला फसवायचं नव्हतं, मुलगीच नको होती. २०११ साली साताऱ्यात अडीचशेहून अधिक नकुशींनी एका समारंभात नवी नावं घेतली, ती यासाठीच.

क्रोएशिया-सर्बियाकडे मूल दगावण्याच्या धास्तीतून ‘वुक’ हे नाव ठेवत. वुक म्हणजे लांडगा. सर्बियन कोशकार वुक कराजिच (१७८७–१८६४) याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. १८१८ साली व्हिएन्नात छापलेल्या आपल्या कोशात त्यानं या नावामागची समजूतही नोंदवली: चेटकिणी मुलांना खातात, पण लांडग्याला हात लावायला त्याही धजत नाहीत. क्रोएशियात तर फ्रांकोपान या सरदार घराण्यातही वुक होऊन गेला.

हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. ‘वुक’ आणि संस्कृत ‘वृक’ एकाच मुळातून फुटलेले; भीमाच्या ‘वृकोदर’ या नावात तोच लांडगा आहे. क्रोएशियातल्या ‘स्तांको’ या नावात तर ‘स्था’ धातूचं भावंड दिसतं. थांब, टिकून राहा, असं बाळाला घातलेलं साकडंच ते.

चेटकिणीला छत्तीसगढीत ‘टोनही’ म्हणतात. तिची भीती नावं ठेवण्यापुरती उरली असती तर बरं झालं असतं. ती जिवंत बायकांवर उलटली, आणि २००५ साली छत्तीसगड राज्याला टोनही प्रताडना निवारण कायदा करावा लागला.

खरं तर बाळं मरत होती ती जुलाब, न्यूमोनिया, धनुर्वात यांसारख्या आजारांनी. १९७१ साली भारतात हजार जन्मांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात. २०२० साली हा आकडा २८ होता, छत्तीसगडात ३८. पाळण्यातलं नाव आता हौसेनं निवडलं जातं, आणि बिसाहू बहुतेक वेळा भेटतो तो कुणाच्या तरी आजोबांच्या नावात.