राखणीचा कुत्रा पारखायचा कसा

हेदवीला येणारे दशभुजा गणेशाचं दर्शन घेतात, बामणघळीत उसळणारं पाणी बघतात आणि परततात. वर सड्यावर शेळ्या चारणाऱ्याला मात्र बिबट्याची धास्ती असते. राखणीसाठी तो बहुधा अंगावर धावून येणारा, दणकट कुत्रा शोधतो. माझ्या मते निवड चुकते ती इथेच.

कळप राखणाऱ्या कुत्र्यांचा मोठा अभ्यास अमेरिकेत रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केला. त्यांनी तीन गुण पाहिले : कुत्रा जनावरांना इजा करत नाही ना, त्यांच्या सोबत राहतो का, आणि परक्याला अडवतो का. धाडसाचा क्रमांक शेवटचा. पहिले दोन गुण नसतील, तर तिसऱ्याचा उपयोग नाही.

पहिल्या गुणाची खरी कसोटी शेळी वेताना लागते. कुत्र्याला गोठ्यात राहू द्या, पण तुम्ही हाताच्या अंतरावर उभे राहा. चांगला कुत्रा मान खाली घालून, नजर चुकवत हळू येतो. शेळीने शिंगं रोखली की निमूट बाजूला होतो. पडलेली वार त्याने खाल्ली तर काळजी नको. पण ओल्या करडाला तो तोंडात धरू लागला, तर त्याला लगेच बाहेर काढा. सहा महिने ते दीड वर्ष या वयात बरेच कुत्रे खेळाच्या भरात करडांमागे धावतात, त्यांचे कान ओढतात. तेवढ्यावरून कुत्रा बाद ठरवू नये. गळ्यात हलकं लोढणं अडकवलं की धावणं कमी होतं, आणि वयाबरोबर खोड बहुधा जाते.

दुसरी परीक्षा सोपी. कळप सड्याकडे निघाला की तुम्ही मध्येच घराकडे वळा. कुत्रा तुमच्या मागे आला, तर त्याचा जीव माणसात आहे. क्षणभर थांबून तो शेळ्यांकडे गेला, तर समजा काम जमलं. जर्मन शेफर्डच्या परीक्षांत हुकूम पाळणं आणि हल्लेखोराची बाही पकडणं तपासतात. रात्री गोठ्यात हुकूम द्यायला कोणी नसतं, म्हणून ती मोजपट्टी इथे लागू पडत नाही.

तिसरी परीक्षा कुत्रा दीड-दोन वर्षांचा झाल्यावरच घ्यावी. एखाद्या परिचिताला संध्याकाळी घोंगडी पांघरून गडग्याच्या बाहेरून, नेहमीच्या वाटेने नव्हे तर दुसऱ्या बाजूने यायला सांगा. गडगा मात्र त्याने ओलांडू नये. कुत्र्याने भुंकावं, शेळ्या आणि परका यांच्या मध्ये उभं राहावं, आणि माणूस मागे सरला की परत कळपात यावं. लांबवर पाठलाग करणारा कुत्रा शेळ्यांना उघड्यावर टाकतो. राखणीचा बराचसा भाग झुंजीत नसून, लपून येणाऱ्याचा डाव भुंकून उधळण्यात आहे. जंगली जनावरासमोर सोडून परीक्षा घेणं हा निव्वळ क्रूरपणा.

दोन महिन्यांच्या पिल्लावरून पुढचं भाकीत करणं कठीण. पण त्याच वयात त्याला शेळ्यांमध्ये ठेवणं अत्यंत गरजेचं. पिल्लाची सवय तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत जडते. अमेरिकेतले नव्हाहो मेंढपाळ मिश्र जातीच्या गावठी कुत्र्यांनाच मेंढ्या-शेळ्यांत वाढवतात, आणि ते चोख काम करतात. म्हणून हिमाचलचा दाट केसांचा गद्दी कुत्रा कोकणच्या दमट हवेत आणण्याची गरज मला वाटत नाही. शांत आईचं गावातलंच पिल्लू घ्यावं.

विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या बिबट्यांच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच होता, कारण शेळ्या रात्री बंदिस्त असतात. तेव्हा पारखून घेतलेला कुत्रा रात्री अंगणात साखळीला बांधू नका. शेळ्यांबरोबर, दार लावलेल्या गोठ्यात ठेवा.